समुद्रावर जायचंय, पण तिथे गाडीला चार्जिंग मिळेल का?

दिवाळीच्या सुट्ट्या तोंडावर आल्यात आणि या वेळी इलेक्ट्रिक गाडी घेऊन समुद्रावर निघालेल्या वाचकांचे प्रश्न इतके आलेत की अख्खं पान त्यांनाच दिलंय. आपल्या खान्देशातून समुद्र म्हणजे एकतर सुरतेकडे उतरायचं, नाहीतर नाशिक-कसारा करत कोकणात, दोन्हीकडे लांबचा पल्ला, त्यामुळे धाकधूक असणारच.

प्रश्न : भाऊ, मी अमळनेरचा. मागच्या वर्षी इलेक्ट्रिक गाडी घेतली, बॅटरी 35 युनिटची. आतापर्यंत धुळे, जळगाव, फार तर शिर्डी. आता दिवाळीत आई, बायको, दोन पोरं असं सगळ्यांना घेऊन चार दिवस दिवेआगरला जायचंय. ॲपमध्ये त्या भागात एखाद-दुसरा चार्जर दिसतो, तोही कधी हिरवा कधी करडा. घरचे म्हणतात डिझेल गाडी भाड्याने कर. आईचं तर एकच चाललंय, "रस्तामा बंद पडनी ते काय करानं?" तुम्हीच सांगा, जाऊ का नको?

उत्तर : जा भाऊ, बिनधास्त जा. पण आईंची शंका उडवून लावू नका, त्यांनी बोट बरोबर जागी ठेवलंय, फक्त अडचण रस्त्यात नाही, गावात पोचल्यावर आहे. अमळनेरहून निघालात की धुळे, मालेगाव, नाशिक, मग ठाणे-पनवेल, या रस्त्यावर फास्ट चार्जरची आता तेवढी चिंता नाही, एक बंद निघाला तर पुढचा गाठता येतो. खरा पेच आहे तो माणगावला हायवे सोडून म्हसळ्याच्या रस्त्याला लागल्यावर, पुढचे पन्नासेक किलोमीटर आणि त्यापुढचे चार दिवस.

असं का, ते समजून घ्या, म्हणजे ॲपवर चिडायला होणार नाही. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने 2022 मध्ये जी नियमावली काढली तिच्यात शहरात दर 3 बाय 3 किलोमीटरच्या चौकोनात एक चार्जिंग स्टेशन आणि हायवेला दर 25 किलोमीटरवर दोन्ही बाजूंना एक, असं ठरवलेलं होतं. राज्याच्या 2025 च्या ईव्ही धोरणातही हायवेला दर 25 किलोमीटरचाच हिशोब आहे. आता दिवेआगर सांगा कशात बसतं? ते शहर नाही आणि हायवेवरही नाही. सगळं धोरण फाट्यापर्यंत येऊन थांबतं आणि पर्यटक मात्र फाट्यावरून आत जातो. ही मोठी उणीव आहे आणि मला ती मनापासून खटकते, कारण सुट्टीत गाड्यांची गर्दी होते ती नेमकी अशाच गावांत.

दुसरं म्हणजे वीज. तुम्ही शेतीवाले, तुम्हाला हे पटकन कळेल. 5 एचपीची मोटर साधारण पावणेचार किलोवॅट ओढते. 60 किलोवॅटचा एक फास्ट चार्जर चालू झाला म्हणजे 5 एचपीच्या 16 मोटरी एकाच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) एकदम चालू झाल्यासारखं. आपल्याकडे एवढ्या मोटरी एकदम लागल्या तर डीपीचं काय होतं हे मी तुम्हाला सांगायला नको. किनाऱ्याच्या छोट्या गावात असा चार्जर लावायचा तर मंजूर भार वाढवा, बरेचदा वेगळी डीपी घ्या, महिन्याचा स्थिर आकार भरा, आणि गिऱ्हाईक मात्र शनिवार-रविवार आणि दिवाळी-नाताळचं, सोमवार ते गुरुवार चार्जरची बंदूक, म्हणजे गाडीला लावायचं टोक, नुसती लटकलेली. म्हणून तिथे चार्जर कमी, आणि जे आहेत ते बहुतेक मोठ्या हॉटेलांच्या आवारात.

आता माझा अनुभव सांगतो. दोन वर्षांपूर्वी कोकणातल्याच एका किनाऱ्याच्या गावात मी 14 टक्क्यांवर पोचलो, संध्याकाळचे सात वाजलेले. ॲपमध्ये दोन चार्जर हिरवे. पहिल्याच्या गेटवर वॉचमन म्हणाला फक्त आमच्या गेस्टला, मालकाला फोन लावा, मालकाने उचलला नाही. दुसऱ्या ठिकाणी गेट उघडं होतं, बंदूक लावली, मशीनने दोन मिनिटं विचार केला आणि लाल दिवा, स्क्रीनवर अर्थ फॉल्ट, म्हणजे अर्थिंगमध्ये बिघाड. बंदूक काढून मोबाईलच्या उजेडात पिना बघितल्या तर त्यांच्या कडांना हिरवट पांढरा थर, बोट फिरवलं तर बारीक मिठासारखं हाताला लागलं. वर्षभर खारा वारा खाल्लेली बंदूक, टोपण कुठेतरी हरवलेलं, आणि ॲपला यातलं काहीच माहीत नव्हतं कारण मशीन चालू आहे एवढंच त्याला कळतं. शेवटी ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकूंनी बाथरूमच्या बाहेरचा गीझरचा प्लग काढून दिला, म्हणाल्या रात्री कुणाला गरम पाणी लागत नाही, लावा तुमची गाडी. सकाळी सात वाजता उठून बघितलं तर 72 टक्के झालेले. त्या दिवसापासून मी छोट्या गावात सार्वजनिक चार्जर मोजतच नाही, मुक्कामाचा प्लग मोजतो, आणि तुम्हालाही तेच सांगतो.

हिशोब असा लावा. भरलेली गाडी, पाच माणसं, सामान, एसी चालू आणि वेग 80-90 च्या आत ठेवला तर युनिटला 7 किलोमीटर धरा, कोकणातल्या वळणावळणाच्या चढउताराला 6 धरा. घरून 100 टक्के करून निघालात की नाशिकला 20 टक्क्यांच्या आसपास पोचाल, तिथे जेवण आणि चार्जिंग एकत्र उरकायचं. कसारा उतरताना टक्का खाली यायचा सोडून एखाद-दोनने वर सरकतो, पोरांना दाखवा, त्यांना फार मजा वाटते. इगतपुरीहून समृद्धी महामार्ग धरलात तर भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत रस्ता छान आहे, हा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाला, पण तिथे सगळे 120 ने जातात म्हणून तुम्हीही गेलात तर बॅटरी डोळ्यांदेखत उतरेल. इलेक्ट्रिक कारला समृद्धी, मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे आणि अटल सेतूवर राज्याच्या 2025 च्या धोरणात टोलमाफी आहे, तरी फास्टॅगमधून पैसे कापले गेले का ते तपासा, कापले असतील तर तक्रार करा, सोडू नका.

पनवेलनंतर मात्र एक गोष्ट पक्की ठरवा. हायवेवरचा शेवटचा चालू फास्ट चार्जर, मग तो पेणला असो, कोलाडला असो की माणगावला, तिथे 80 वर न थांबता 90-95 पर्यंत भरूनच आत वळायचं. वीस-पंचवीस मिनिटं जास्त जातील, जाऊ द्या. माणगाव ते दिवेआगर जाऊन-येऊन शंभर किलोमीटर, आणि मध्ये एक दिवस श्रीवर्धन-हरिहरेश्वर फिरून आलात तर आणखी ऐंशी, म्हणजे 180 किलोमीटरला 30 युनिट. 35 युनिटच्या गाडीत हे काठावर बसतं आणि काठावर बसलेलं गणित घरच्यांना घेऊन सोडवायचं नसतं. पण मुक्कामाला 15 अँपिअरचा एक प्लग मिळाला की गाडीसोबत आलेला चार्जर तासाला दोन-सव्वादोन युनिट भरतो, रात्री दहा ते सकाळी सात म्हणजे 20 युनिट, जवळजवळ 60 टक्के. एक रात्र लावली तरी तुमचा चार दिवसांचा प्रश्न सुटला.

म्हणून बुकिंग करतानाच फोनवर विचारा, पोचल्यावर नाही. "चार्जिंग आहे का" असं विचारू नका, समोरचा मोबाईलचं समजून हो म्हणतो. विचारा की गाडी जिथे लावायची तिथून वायर पोचेल असा एसीचा किंवा गीझरचा मोठा तीन पिनांचा प्लग आहे का, त्याला अर्थिंग आहे का, आणि त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. प्रामाणिकपणे सांगा की 20 युनिट लागतील आणि त्याचे वेगळे पैसे देईन. घरगुती मीटरला वापर वाढला की वरच्या स्लॅबचा दर लागतो, त्यामुळे युनिटमागे 20 रुपये स्वतःहून देऊ केलेत तर त्यांचंही नुकसान नाही आणि पुढच्या इलेक्ट्रिक गाडीवाल्याला ते आनंदाने हो म्हणतील.

एक्स्टेन्शन लागलीच तर घरून न्या, अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची, 15 अँपिअरच्या प्लगची, आणि ती रीळवरून पूर्ण सोडून पसरायची. गुंडाळलेली वायर रात्रभर लोड घेऊन आतल्या आत तापते, तिचं आवरण मऊ होऊन चिकटलेलं मी स्वतः बघितलंय. लावल्यावर अर्ध्या तासाने प्लगला हाताची पालथी बाजू लावून बघा, कोमट चालेल, हात मागे घ्यावासा वाटला तर काढून टाका. काही गाड्यांत करंट कमी करायची सोय असते, जुनं वायरिंग असेल तर ती वापरा, रात्र मोठी आहे. आणि गीझर, एसी, गाडी तिन्ही एकदम लावू नका, मेन स्विच पडला तर अख्खं घर अंधारात.

जाताना मुक्कामाच्या घरच्या काकूंसाठी भरताची वांगी न्यायला विसरू नका, येताना श्रीवर्धनची सुपारी मिळेल.

प्रश्न : मी चोपड्याचा, माझे साडू नोकरीनिमित्त कोकणात गेले आणि तिथेच किनाऱ्याच्या गावात चार खोल्यांचा होमस्टे काढला. आजकाल गेस्ट बुकिंगलाच विचारतात चार्जिंग आहे का. एक जण येऊन फास्ट चार्जर लावा, वर्षात पैसे वसूल असं सांगून गेला. साडू मला विचारतात आणि मी तुम्हाला. परवाना लागतो का, खर्च करावा का?

उत्तर : साडूंना सांगा, वर्षात वसूल म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. चार खोल्यांच्या होमस्टेला फास्ट चार्जरची गरजच नाही. फास्ट चार्जर लागतो तो घाईतल्या माणसाला, हायवेवर. साडूंकडे येणारा माणूस रात्रभर झोपणार आहे, त्याची गाडीही रात्रभर उभी राहणार आहे.

परवान्याचं म्हणाल तर चार्जिंगसाठी वीज विकायचा परवाना लागत नाही. ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल 2018 मध्येच स्पष्ट केलंय की गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, वीजविक्री नाही. भार मात्र महावितरणकडून वाढवून घ्यावा लागेल आणि मीटर कोणत्या वर्गात बसतो ते तिथल्या ऑफिसात जाऊन समोरासमोर विचारावं, होमस्टेच्या बाबतीत हे आधी साफ केलेलं बरं.

सुरुवात अशी करा. पार्किंगच्या भिंतीवर दोन निळे इंडस्ट्रियल सॉकेट, 16 अँपिअरचे, प्रत्येकाला वेगळा एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), त्याच्या मागे 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच तोडणारा स्विच), मेन बोर्डापासून वेगळी 4 स्क्वेअरची वायर आणि एक सबमीटर म्हणजे गेस्टशी युनिटवरून वाद नको. गाडीसोबतच्या चार्जरला साधा तीन पिनांचा प्लग असतो, त्यामुळे शेजारी एक साधा 15 अँपिअरचा पॉईंट पण ठेवायचा. एवढ्यावर दोन वर्षं आरामात निघतील. गेस्ट वाढले तर मग 7.4 किलोवॅटचा टाईप 2 जोडणीचा, घरच्या साध्या विजेवर चालणारा चार्जर लावा, सिंगल फेजवर 32 अँपिअर घेतो, पाच-सहा तासांत बहुतेक गाड्या भरतात.

पण साडूंना सगळ्यात जास्त लक्ष द्यायला सांगा ते अर्थिंगकडे. आपल्या काळ्या मातीत ओल धरून राहते, अर्थिंग चांगलं लागतं, आपल्याला त्याची किंमत कळत नाही. तिथे वाळू आहे, पाणी लगेच खाली निघून जातं, आणि एप्रिल-मेमध्ये कोरड्या वाळूत पुरलेली सळई म्हणजे नसल्यासारखीच. आणि गाडीचा चार्जर अर्थिंग तपासल्याशिवाय करंट घेतच नाही, लाल दिवा लावून बसतो, मग गेस्ट म्हणतो तुमचा प्लग खराब. तेव्हा वेगळा अर्थिंगचा खड्डा, खोल, तांब्याची प्लेट, आणि उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी त्यात ओतायचंच. जीआय पट्टी लावू नका, खाऱ्या हवेत तिला गंज धरायला वेळ लागत नाही.

बोर्ड समुद्राच्या वाऱ्याकडे तोंड करून नको, घराच्या आडोशाला, छपराखाली, छातीच्या उंचीवर. बंदूक असेल तर तिला होल्डर आणि टोपण, आणि महिन्याला एकदा मेन बंद करून कोरड्या फडक्याने पिना पुसायच्या. जून 2020 चं निसर्ग वादळ याच पट्ट्यात धडकलं होतं, खांब आडवे झाले, काही गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. वादळाचा इशारा आला की एमसीबी पाडायचा आणि गेस्टला आदल्या दिवशीच गाडी भरून घ्यायला सांगायचं.

आणि ग्रामपंचायतीत साडूंची ओळख असेल तर एक विषय मांडायला लावा. केरळात तिथल्या वीज मंडळाने 2021 मध्ये कोळिकोडला विजेच्या खांबांवरच रिक्षा-स्कूटरसाठी चार्जिंग पॉईंट बसवले आणि नंतर ते राज्यभर नेले. छोटा पॉईंट, मोबाईलवरून पैसे, वेगळी जागा नको, वेगळी डीपी नको. किनाऱ्याच्या गावात ग्रामपंचायतीच्या पार्किंगमध्ये असे चार-सहा हळू चालणारे पॉईंट बसले तर एका बंद पडलेल्या फास्ट चार्जरपेक्षा लाख पटीने कामाचे. दिवसभर समुद्रावर खेळणाऱ्या माणसाची गाडी तिथे उभीच असते ना.

प्रश्न : साक्रीहून विचारतेय. आमचे जेठ सुरतला उधन्याला राहतात, त्यांच्याकडे जाऊन पुढे दोन दिवस वलसाडजवळच्या तिथल गावी समुद्रावर जायचा विचार आहे. गाडी छोटी इलेक्ट्रिक, बॅटरी 24 युनिट. जमेल का?

उत्तर : ताई, तुमचं कोकणापेक्षा खूप सोपं आहे. तिथल वलसाड स्टेशनपासून पाच-सहा किलोमीटरवर, म्हणजे समुद्राचं गाव असलं तरी चार्जिंग वलसाड शहराचं वापरायचं, आणि अहमदाबाद-मुंबई हायवे जवळच. जेठांकडे अपार्टमेंट असेल तर वरच्या मजल्यावरून वायर सोडायच्या भानगडीत पडू नका, खाली कुणाच्या तरी पायात येईल. सुरतेत बाहेर भरून घ्या.

लक्ष द्यायचं ते येताना. जाताना कोंडाईबारीचा घाट उतरून विसरवाडी, नवापूर करत तुम्ही खालीखाली जाता, गाडी भरपूर चालते, आणि वाटतं येतानाही एवढीच चालेल. येताना तोच घाट चढायचाय. बारडोली किंवा व्यारा भागात भरून घ्या आणि नवापूर सोडताना निदान 50 टक्के हातात ठेवा.

प्रश्न : भुसावळहून. गेल्या मे महिन्यात एका समुद्राच्या गावी एकच बंदूक, पुढे एक गाडी 82 टक्क्यांवर, मालक पोहायला गेलेले, आम्ही दीड तास उन्हात. आल्यावर वादावादी झाली. नियम काय आहे?

उत्तर : कायदा असा काही नाही, पण रीत आहे आणि ती सगळ्यांनी पाळायलाच हवी. 80 टक्क्यांनंतर बॅटरी मुद्दाम कमी करंट घेते, त्यामुळे 10 ते 80 ला जेवढा वेळ लागतो जवळजवळ तेवढाच कधीकधी शेवटच्या 20 ला जातो. पहिल्या उत्तरात मी 95 म्हणालो ते हायवेवर जिथे मागे कुणी उभं नाही तिथलं. गावात एकच बंदूक आणि मागे रांग असेल तर 80 ला गाडी काढायची, आणि गाडीपासून लांब जायचं असेल तर काचेवर मोबाईल नंबराची चिठ्ठी लावून जायचं. पण मागच्यानेही आधी विचारावं की दादा, पुढे कुठवर जायचंय, समोर म्हातारं माणूस आणि घाट असेल तर दहा मिनिटं जास्त दिली म्हणून आपलं काही बिघडत नाही.

उन्हात उभी राहिलेली गाडी हळू चार्ज होते हेही लक्षात घ्या. आपल्याकडे भुसावळला मेमध्ये पारा 45 च्या घरात जातो तेव्हाही हेच होतं, तापलेली बॅटरी करंट कमी घेते. रांगेत गाडी सावलीत लावा, आणि जमलं तर चार्जरवर पहाटेच जा, रांगही नसते.

प्रश्न : शहाद्याहून. समुद्रावर भाड्याने इलेक्ट्रिक स्कूटर मिळतात म्हणे, त्या वाळूवर चालवल्या तर चालतं का, आणि चार्जिंगचं काय?

उत्तर : चार्जिंगची काळजीच नको, बहुतेक स्कूटर घरातल्या साध्या प्लगवर रात्रीत भरतात, चार्जर सोबत दिलाय का तेवढं घेताना बघा. वाळूवर मात्र अजिबात नेऊ नका. ओल्या वाळूत मागचं चाक रुतलं की मोटर जोर लावून तापते, आणि लाटेचं पाणी हबमध्ये गेलं तर मिठाने आतले बेअरिंग धरतात. किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर फिरलात तरी परत देण्याआधी गोड्या पाण्याने चाकं धुवा, साध्या मगाने, प्रेशरच्या पाईपने नको, आणि चार्जिंगच्या झाकणात पाणी राहिलं नाही ना ते बोटाने बघून मगच रात्री प्लग लावा.